मुद्दाम सोडलेला पॉइंट

मागच्या रविवारी आमच्या कॉलेजात माजी बास्केटबॉल खेळाडूंचा सत्कार होता. कॉलेज कुठलं ते लिहीत नाही, सोलापूर केवढंसं गाव, ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. वेळ सकाळी नऊची दिलेली, पाहुणे आले साडेदहाला, तोपर्यंत आम्ही आठ-दहा पोटं सुटलेली माणसं मांडवात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून एकमेकांचे गुडघे आणि शुगर यावर बोलत होतो. गेटवर फ्लेक्स, त्यात आमच्या कॅप्टनचा फोटो आधार कार्डावरून उचलल्यासारखा. स्टेजवरून त्याचं तेलुगू आडनाव दोनदा चुकीचं वाचलं, तिसऱ्यांदा निवेदकानं आडनाव सोडूनच दिलं आणि 'व्हॉलीबॉलचे जुने खेळाडू' म्हणून मोकळा झाला. मग हार, नारळ, टॉवेल. आपल्याकडं सत्काराला शाल असेल नसेल, टॉवेल नक्की. आमच्या घरी कपाटात अशा टॉवेलांचा गठ्ठा पडलाय, बायको म्हणते पुढच्या वेळी पिवळा नको म्हणून आधीच सांगून ठेवा.

मग आताच्या टीमची पोरं ओळीनं पाया पडायला आली, बाजूला एक जण मोबाईल धरून उभा. एका पोराला त्यानं परत वाकायला लावलं, कारण पहिल्यांदा चेहरा नीट आला नव्हता. पोरगं बिचारं परत वाकलं, कॅप्टननं परत 'असू दे, असू दे' म्हटलं, तोच हात, तेच हसू. मला हसू पण आलं आणि कसंतरी पण झालं. पोरांना नावं ठेवत नाही मी, त्यांना जे सांगितलं होतं ते ती करत होती, आम्हीपण त्या वयात पाहुण्यांच्या पाया पडलोय आणि मनात फक्त नाश्त्याला काय आहे हाच विचार असायचा.

आता कॅप्टनबद्दल सांगतो. 97-98 च्या आमच्या टीमचा कॅप्टन, तेव्हापासून त्याला सगळे कॅप्टनच म्हणतात, त्याची बायकोसुद्धा. सोलापूरच्या पूर्वभागातला, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीतला, घरी माग. उंची जेमतेम, पण डोकं असं चालायचं की बॉल हातात यायच्या आधी त्याला माहीत असायचं कोण कुठं मोकळा होणार. आमचे सगळे कॉल त्यानं तेलुगूत करून टाकले होते. कुडी म्हणजे उजवीकडून, एडमा म्हणजे डावीकडून. तेव्हा आपल्याला स्वतःची युनिव्हर्सिटी नव्हती, ती 2004 ला झाली, आपण कोल्हापूरच्या शिवाजी युनिव्हर्सिटीत, त्यामुळं झोनल जिंकलं की कोल्हापूर-सांगलीच्या टीमशी गाठ, आणि त्यांना एडमा म्हणजे काय ते कुठून कळणार. आम्ही ओरडायचो आणि ते एकमेकांकडं बघत बसायचे, तेवढ्यात एक बास्केट. एस.वाय.ला असताना त्याच्या वडिलांना अर्धांगवायू झाला आणि तो मागावर बसला. निरोप समारंभ वगैरे काही नाही, एका सोमवारी प्रॅक्टिसला आला नाही, एवढंच. सर म्हणाले आजारी असेल.

तर सत्कारानंतर 'आजी विरुद्ध माजी' अशी मॅच ठेवली होती, दहा-दहा मिनिटांची. कोर्ट तेच सिमेंटचं, वर धूळ, एका रिंगला जाळी नाही. कॅप्टननं काय केलं तर मघाशी मिळालेला कोरा टॉवेल घेतला, बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं आणि फ्री थ्रोची (फाउल झाल्यावर मिळणारा मोकळा थ्रो) लाइन पुसायला बसला. आमच्या वेळी गोणपाट भिजवून आम्ही रोज हेच करायचो, पाय सरकू नये म्हणून. ज्यांच्या हस्ते टॉवेल मिळाला होता ते समोरच बसले होते, त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मॅच सुरू झाली आणि पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं की पोरं आम्हाला सोडतायत. बॉल घेऊन आत शिरलं की समोरचा पोरगा दोन पावलं बाजूला, जसं काय देवळात म्हाताऱ्याला वाट देतोय. कॅप्टननं दोन ले-अप टाकले, मांडवातून टाळ्या. तिसऱ्या वेळी परत वाट मोकळी, तर हा बोर्डाखाली जाऊन नुसता थांबला बॉल धरून, आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "मुद्दाम सोडलालेत बे ही पोरं."

हे ऐकलं आणि मला तो आयोवाचा पोरगा आठवला. हाफ टाइमला मी आमच्या जुन्या सेंटरला (म्हणजे रिंगजवळ खेळणारा, आता विमा एजंट आहे, मॅच बघता बघता दोन पॉलिसी विकतो) ती गोष्ट सांगितली, तुम्हालापण सांगतो, कारण अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलची आपल्याकडं फार कोणाला पडलेली नसते.

आयोवा युनिव्हर्सिटीत ख्रिस स्ट्रीट नावाचा खेळाडू होता. त्यानं लागोपाठ 34 फ्री थ्रो टाकले, एकही न चुकता, कॉलेजचा रेकॉर्ड. आणि ती मालिका कधी तुटलीच नाही, कारण जानेवारी 1993 मध्ये रस्त्यावरचा बर्फ काढणाऱ्या गाडीशी त्याच्या कारची धडक झाली आणि तो गेला. वय 20. म्हणजे पस्तिसावा पडला असता का चुकला असता हे कोणालाच कळणार नाही. पंचवीस वर्षांनी, फेब्रुवारी 2018 मध्ये, त्याच कॉलेजचा जॉर्डन बोहॅनन लागोपाठ 34 वर येऊन पोचला. नॉर्थवेस्टर्नविरुद्ध मॅच, परत फ्री थ्रो मिळाला. हा पडला की रेकॉर्ड याच्या एकट्याच्या नावावर. त्यानं तो मुद्दाम आखूड टाकला आणि वर आकाशाकडं बोट केलं. नंतर विचारलं तर म्हणाला की तो रेकॉर्ड माझा नाहीच. गंमत म्हणजे बोहॅनन जन्माला आला तेव्हा स्ट्रीट जाऊन चार वर्षं झाली होती. बघितलेलंच नाही त्यानं त्याला, नुसतं ऐकलेलं.

सेंटर म्हणाला, "मग हे पण सोडणंच झालं की. आणि आकाशाकडं बोट म्हणजे कॅमेरा आहेच की बे तिथं. मघाचं पाया पडणं आणि हे, काय फरक आहे?"

प्रश्न बरोबर होता आणि मला पटकन उत्तर आलं नाही. त्यात मी स्वतःच अजून एक खोट काढली, की आयोवाचा तो सीझन वाईटच चालला होता, शेवटी 14 जिंकल्या आणि 19 हरल्या, म्हणजे एक पॉइंट सोडला तर आभाळ कोसळणार नव्हतं. पण पॉइंट स्वस्त होता, रेकॉर्ड स्वस्त नव्हता ना. 34 पर्यंत पोचायला किती दिवस लागतात आणि दर वेळी लाइनवर उभं राहिल्यावर पोटात काय होतं, हे ज्यानं सिमेंटच्या कोर्टवर लागोपाठ 11 टाकलेत (माझा रेकॉर्ड, प्रॅक्टिसमधला, कुणी मोजला नव्हता) त्याला थोडंफार कळतं. शिवाय तो चुकवलेला बॉल परत टाकता येत नाही, मोबाईलवाला येऊन म्हणत नाही की चेहरा आला नाही, परत एकदा.

याच्या उलटी गोष्ट बो किंबलची. 1990, लोयोला मॅरीमाउंट, हे पण अमेरिकेतलंच कॉलेज. त्याचा जिगरी दोस्त हँक गॅदर्स, दोघं फिलाडेल्फियाचे, एकाच शाळेतले, आधी एका कॉलेजात गेले मग तिथून दोघं मिळून इथं आले. गॅदर्स म्हणजे साधा खेळाडू नाही, आदल्या सीझनला अख्ख्या देशात पॉइंट आणि रिबाउंड (चुकलेला बॉल पकडणं) दोन्हीत पहिला. 4 मार्चला मॅच चालू असताना तो कोर्टवर कोसळला, हृदयाचा त्रास होता, आणि गेला. फ्री थ्रोत तो कच्चा होता म्हणून डाव्या हातानं टाकायला लागला होता. मग एनसीएए स्पर्धेत (तिकडच्या कॉलेजांची देशपातळीवरची स्पर्धा) किंबलनं ठरवलं की प्रत्येक मॅचचा आपला पहिला फ्री थ्रो डाव्या हातानं. किंबल उजवा. आणि ही बाद फेरी, हरलं की घरी. चार मॅच खेळले, चार वेळा डाव्या हातानं टाकला, चारही पडले. मिशिगनला तर 149-115 नं धुतलं. चौथ्या मॅचला यूएनएलव्हीनं (लास व्हेगासची युनिव्हर्सिटी) यांना 131-101 हरवलं आणि पुढं तेच चॅम्पियन झाले.

म्हणजे एकानं कधी न बघितलेल्या माणसासाठी घालवला, एकानं दोस्तासाठी घातला. खरेपणा चुकवण्यात पण नाही आणि टाकण्यात पण नाही, हे मला तिथं बाकड्यावर बसल्या बसल्या कळलं, पण मग आहे कशात? सेंटरला मी एवढंच म्हणालो की स्ट्रीट उठून पस्तिसावा टाकायला येऊ शकत नव्हता. म्हणून त्याच्यासाठी सोडणं बरोबर. आपला कॅप्टन इथं समोर उभा आहे, बूट घालून, घाम गाळत, त्याला बॉल टाकता येतो, त्याच्यासाठी सोडणं म्हणजे त्याला जिवंतपणी फोटोत बसवल्यासारखं आहे. सेंटर म्हणाला तू लै विचार करतोस, पाणी दे.

दुसऱ्या हाफमध्ये त्यांनी एक नवा पोरगा उतरवला, मोहोळ तालुक्यातला, काडीसारखा, एका बुटाचा सोल पुढून उघडलेला. कॅप्टन आत शिरला, नेहमीसारखा खांदा आडवा घालून डाव्या हातानं वर उचलला, आणि हा पोरगा कुठून आला कुणास ठाऊक, बॉल बोर्डावर असा दाबला की थप्पकन आवाज आला. मांडव गप्प. त्यांचे कोच ओरडले, "अरे मोठी माणसं आहेत, बघून!" पोरगं भेदरलं, सॉरी सॉरी म्हणत हात जोडायला लागलं. आणि कॅप्टन गुडघ्यावर हात टेकून हसतोय. सकाळपासून पहिल्यांदा मोकळा हसत होता. "सॉरी कशाला बे," म्हणाला, "परत कर की."

मग खरी मॅच झाली. पोरं पळायला लागली, आम्हाला कुठं तोंड लपवू झालं, किती पॉइंटनं हरलो ते विचारू नका. शेवटची दोन मिनिटं असतील, त्यांचा गार्ड बॉल घेऊन वर आला, हात वर करून ओरडला, "एडम! एडम!" आणि तो मोहोळचा पोरगा डावीकडून सुटला. कॅप्टन त्यालाच मार्क करत होता. तो जागच्या जागी थांबला, म्हणजे पुतळाच, पोरगा शेजारून गेला आणि बास्केट करून आला तरी हा तिथंच.

शिट्टी वाजल्यावर तो सरळ त्या पोराकडं गेला, मीपण मागोमाग. "मघाशी काय ओरडलात तुम्ही?"

"एडम, दादा. डावीकडून जायचं."

"तेलुगू येतं का तुला?"

"नाही ओ. का?" पोरगं परत भेदरलं, वाटलं असेल काहीतरी चुकलं. "आमचा कॉल आहे तो, सीनियर म्हणायचे. त्यांचे पण सीनियर म्हणायचे."

त्याला खरंच माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं, मी नंतर गार्डला पण विचारलं, त्याला वाटायचं की ते इंग्लिश आहे, ॲडमसारखं कुठल्या तरी खेळाडूचं नाव असेल. पंचवीसएक वर्षं, एकाकडून दुसऱ्याकडं, मधे कुठं तरी शेवटचा काना पडून गेला, बाकी सगळं शाबूत.

कॅप्टननं ओला, मातीनं काळा झालेला टॉवेल मानेवर टाकला. मला वाटलं आता तो सांगेल, की बाबा हे माझं आहे. तर म्हणाला, "एडम नाही रे, एडमा. आ म्हण."

"एडमा," पोरगं म्हणालं.

"हां. आता कुडी म्हण."