पावणेचारशे गज

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे, पत्र्याचं शेड, हे रोजचं काम. पोपटाचा पिंजरा करून द्या म्हणत कुणी आलं की मी आधी विचारतो, पोपट कुठला? गळ्यात कंठी असलेला आपला हिरवा पोपट पाळायला 1972 च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे. त्याच्यासाठी मी एक गजसुद्धा कापत नाही. दोघातिघांना तसंच परत पाठवलंय.

राजारामपुरीतल्या काकू आल्या तेव्हाही हेच विचारलं. त्यांनी पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवला. आफ्रिकन ग्रे, राखाडी अंगाचा, लाल शेपटीचा. परदेशी पक्षी-प्राणी पाळणाऱ्यांसाठीच्या 2024 च्या नियमांप्रमाणे, केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर केलेली नोंदणी होती. मुलगा परदेशी नोकरीला गेला आणि पक्षी आईकडे राहिला.

"दादा, हा चाळीस-पन्नास वर्षं जगतो म्हणे. माझ्यामागंही राहील. त्याला दोन फुटांच्या पिंजऱ्यात कोंडून ठेववत नाही मला."

त्यांच्या गॅलरीचं माप घेतलं. सहा फूट लांब, चार फूट रुंद, सहा फूट उंच असा पिंजरा बसत होता. एक इंची चौकोनी पाईपची चौकट आणि जी.आय. वेल्डमेश, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली तारेची जाळी, असा हिशेब मी उभ्या उभ्या दिला. आठवड्यात काम झालं. दार अडीच फुटांचं, म्हणून बाजू सुट्या करून नेल्या आणि गॅलरीत नटबोल्टनं जोडायला लागलो.

तेवढ्यात पक्ष्याला तपासणाऱ्या डॉक्टर आल्या. त्यांनी काही न बोलता जाळीवरून अंगठा फिरवला आणि एका जोडावर थांबल्या. तिथं जस्ताचा थेंब गोठला होता. नवीन जाळीवर असे थेंब असतातच, आम्ही त्याकडं बघतही नाही. त्यांनी नखानं तो उडवला आणि तळहातावर घेऊन मला दाखवला.

"गॅल्वनाइज्ड वेल्डिंग केलं की रात्री काय होतं तुम्हाला?"

मी म्हटलं, थंडी वाजून ताप येतो. पांढरा धूर छातीत जातो. जुनी माणसं गूळ खायला लावतात.

"तुम्ही साठ-सत्तर किलोचे, तो जेमतेम अर्धा किलोचा. आणि तो दिवसभर ही जाळी चोचीनं चघळणार."

जस्त पोटात गेलं की पक्षी उलट्या करतो, गळून जातो, जिवावरही बेततं, असं त्यांनी सांगितलं. जाळी व्हिनेगर आणि ब्रशनं घासली तर धोका कमी होतो, संपत नाही. काकू खुर्चीचा हात धरून गप्प उभ्या होत्या. त्यांनी मला एक शब्द लावला नाही, आणि त्याचंच मला फार लागलं. वीस वर्षं ह्या धंद्यात आहे. दाराच्या मापाचं, कुलपाचं, पावसाचं सगळं विचारतो. जो आत राहणार त्याचं मी काहीच विचारलं नव्हतं.

बाजू उचलून परत आणल्या. काकूंना सांगितलं, स्टेनलेसमध्ये करतो, मालाचेच पैसे द्या, मजुरी नको.

304 ग्रेडचे चार मिलिमीटरचे गज आणले. दोन गजांत वीस मिलिमीटर फट, म्हणजे डोकं अडकायला नको. पुढच्या-मागच्या बाजूला गज उभे, पण डाव्या-उजव्या बाजूंना आडवे, कारण हा पक्षी चोच आणि पाय लावून शिडीसारखा चढतो. हेही डॉक्टरांनीच सांगितलं. छत धरून पावणेचारशे गज झाले. दोन्ही टोकं आर्गन वेल्डिंगनं जोडायची, म्हणजे साडेसातशे टाके, आणि प्रत्येक टाका घासून गुळगुळीत करायचा, नाहीतर बोट चिरतं. मी आणि आमचा पोरगा नऊ दिवस त्यावरच बसलो. शेवटी सुती कापड सगळीकडून फिरवलं. जिथं धागा अडकला तिथं परत पॉलिश. रंग मुद्दाम दिला नाही. रंगाचे पोपडे हा चोचीनं काढून खाईल. बसायला पेरूच्या फांद्या आडव्या लावल्या, एक जाड, एक बारीक, एक वाकडी. एकसारख्या गोल दांड्यावर सतत बसून तळपायाला फोड येतात.

परत बसवायला गेलो तो रविवार होता. जुना छोटा पिंजराच दार उघडं ठेवून नव्याच्या आत ठेवला आणि आम्ही बाजूला झालो. पक्षी हलला नाही. एक डोळा आमच्यावर, एक फांदीवर. काकूंनी चहा केला, तो गार झाला. पाऊण तासानं त्यानं चोच बाहेरच्या गजावर ठेवली, जीभ लावून बघितली, मग पाय टाकला. आडव्या गजांवरून सरसर छतापर्यंत गेला आणि तिथून लांबच्या फांदीकडं झेप घेतली. पंख पुरे उघडले आणि कुठंच आपटले नाहीत. काकूंनी पदर तोंडाला लावला.

फांदीवरून तो थेट दाराकडं आला. माझी सरकती कडी त्यानं चोचीत धरली, वर उचलली, मागं ओढली. दार उघडलं. दुसऱ्यांदा लावली, दुसऱ्यांदाही उघडली. मग बोल्टांकडं वळला आणि आतल्या बाजूचा एक नट फिरवायला लागला.

काकूंना दारापाशी बसवलं, गॅलरीची खिडकी लावून घेतली आणि गाडी काढली. रविवारी उघडं असलेलं हार्डवेअरचं दुकान शोधायला तास गेला. नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, सहज न फिरणारे नट, आणि स्प्रिंगचा स्टीलचा हूक घेऊन आलो आणि सगळे बोल्ट उलटे फिरवून नट बाहेरच्या बाजूला घेतले. तो आतून प्रत्येक बोल्टाबरोबर सरकत माझ्या हाताकडं बघत होता.