मोरिओरी गोष्टींतूनच का शिकायची?

"जी भाषा बोलणारं कुणी उरलंच नाही, ती जुन्या गोष्टी वाचून परत कशी येणार?" न्यूझीलंडला राहून मी मोरिओरी भाषेच्या मागे लागलेय म्हटलं, की पुण्याचे नातेवाईक हे विचारतातच. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितेय.

आधी एक सांगते: मोरिओरी लोक संपलेले नाहीत, शाळेच्या पुस्तकांतून वर्षानुवर्षं तसं शिकवलं गेलं तरी. रेकोहू, म्हणजे चॅटम बेटं, हे त्यांचं घर; न्यूझीलंडच्या पूर्वेला सुमारे ८०० किलोमीटर. १८३५ साली मूळच्या न्यूझीलंडमधल्या तारानाकी भागातल्या दोन माओरी जमातींनी बेटं बळकावली. माणूस मारायचा नाही, हा पूर्वज नुनुकूचा दंडक मोरिओरींनी तेव्हाही मोडला नाही. कित्येक मारले गेले, बाकीचे गुलाम झाले. सुमारे १,७०० माणसांतली १८६२ मध्ये १०१ उरली.

त्या उरलेल्यांत हिरावानू तापू होते. त्यांनी बेटांवर राहणाऱ्या अलेक्झांडर शँड यांना सांगितलेल्या कथा आणि मंत्र १८९०च्या दशकात पॉलिनेशियन सोसायटीच्या नियतकालिकात मूळ मोरिओरीसकट छापून आले. आज शिकणाऱ्यांची सगळी भिस्त त्यांवर आहे. त्या काळच्या शब्दयाद्याही आहेत, पण यादी पाठ करून वाक्य जुळवता येत नाही.

रंगितोकोनाची गोष्टच घ्या. आभाळ आणि धरती एकमेकांना चिकटून अंधारात पडलेली. रंगितोकोना आभाळाला सांगतो, बाजूला हो. ते ऐकत नाही. मग तो एकावर एक दहा खांब रचून त्याला वर लोटतो. तेव्हाच्या मंत्रात येतं, आभाळाला टेकू दे, पहाटेला टेकू दे. क्रियापद तेच, फक्त कर्म बदलतं. मोठ्यानं म्हणत राहिलं की आज्ञार्थाचा साचा तोंडात बसतो, व्याकरण समजावून घ्यायच्या आधीच.

तापूंच्या मोरिओरीत माओरी मिसळली होती, मग ती अस्सल कशी, असंही कुणी म्हणतं. मला हा आक्षेप फार निष्ठुर वाटतो. गुलामीत उमेदीची वर्षं गेलेल्या माणसानं आणखी किती जपायचं? सापडत नाही ते आज सख्ख्या बहिणीसारख्या माओरीवरून ताडून भरतात, आणि ते योग्यच आहे.

हे काम मोरिओरी वंशजांचं. होकोतेही मोरिओरी ट्रस्टनं भाषेचं ॲपही काढलंय. काय घ्यायचं, काय भरायचं, हे तेच ठरवणार. माझ्यासारख्या बाहेरच्या बाईनं मन लावून शिकावं, आणि कुणी "ते तर संपले ना?" म्हणालं की तिथल्या तिथे खोडून काढावं.