माघ शुद्ध प्रतिपदेचा नववर्षदिन

आज काठमांडूत तामांग लोकांचं नवं वर्ष, सोनाम ल्होसार. ल्हो म्हणजे वर्ष, सार म्हणजे नवं. तिथी ऐकली आणि चमकलोच: माघ शुद्ध प्रतिपदा. आपल्याकडे माघी गणपतीच्या तयारीचे दिवस, आणि इथे वर्षच बदलतंय.

सकाळी बौद्धनाथच्या स्तूपाला प्रदक्षिणा घातली. घरमालकीण दिदींनी खाप्से दिले, पिठाची पीळ दिलेली तळलेली कुरकुरीत बिस्किटं. आईच्या शंकरपाळ्यांची फार आठवण आली. मग दिदींनी माझं जन्मसाल विचारलं. 1989 म्हटल्यावर लगेच बोटं मोजून म्हणाल्या, तुमचं सर्पवर्ष! बारा प्राण्यांचं चक्र असतं, दर बारा वर्षांनी आपला प्राणी परत येतो. आणि 2025 हे सर्पाचंच. किती आनंद झाला सांगू!

दुपारी टुंडीखेलच्या मैदानावर गेलो. डंफू वाजत होता. लाकडी कड्यावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं, भोवती बांबूच्या खुंट्या. त्या 32 असतात आणि बुद्धाच्या 32 लक्षणांशी त्यांचं नातं सांगतात. त्या तालावर तामांग सेलो, म्हणजे तामांगांचं लोकगीत, सुरू झालं की आज्यासुद्धा जागेवर थांबत नाहीत. शेजारच्या एका आजींनी माझा हात धरून मला वर्तुळात ओढलं. पावलं चुकली, त्यांनी परत दाखवली.

गुरुंगांचा ल्होसार पौषात होऊन गेला, शेर्पांचा फाल्गुनात येईल. तेव्हाही इथेच असेन.

ल्होसारच्या मनापासून शुभेच्छा!