दाताखाली आलेली खसखस

पुण्यातील टिळक रस्त्यावरील एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचे दोन खोल्यांचे कार्यालय आहे आणि परदेशी जाणाऱ्यांची कागदपत्रे तयार करून देण्याचे काम मी तेथे गेली चौदा वर्षे करीत आहे. युरोपची फाईल समोर आली की माझे डोळे आपोआप बारीक होतात. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा लागतो, शेंगेन प्रदेशातून, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातून, निघण्याच्या तारखेनंतर तो किमान तीन महिने चालू असावा लागतो, वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा असावा लागतो आणि कोणत्याही १८० दिवसांत मुक्काम ९० दिवसांपलीकडे जाऊन चालत नाही. यांतले एक जरी सुटले तरी सहा महिने ठरवलेली सहल गडगडते. अमेरिकेचे तर विचारूच नये. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वकिलातीत होणाऱ्या मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात निवृत्त मुख्याध्यापकसुद्धा माझ्यासमोर बसून शाळकरी मुलासारखी उत्तरांची उजळणी करतात.

दुबईचे तसे नाही. मुलाखत नाही, फाईलचा गठ्ठा नाही. पासपोर्टची प्रत, छायाचित्र असे मोजके कागद पाठवले की दोन-चार दिवसांत ई-व्हिसा येतो आणि तो छापून हातात दिला की आमचे काम संपते. या सोपेपणामुळेच मी गाफील झाले होते, हे आता मान्य करायला हवे. सोप्या व्हिसाचे पुढचे नियमही सोपेच असतील, असे आपण नकळत गृहीत धरतो.

दिवाळीला आठ-दहा दिवस उरले होते. सहकारनगरातील एक काका आणि काकू त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास त्यांची कागदपत्रे न्यायला आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या काकांकडे प्रत्येक कागदाची स्वतंत्र प्लास्टिकची पिशवी आणि एक वही होती. मी जे सांगेन ते ते तारखेसह वहीत उतरवून घेत. त्यांची मुलगी दुबईत असते, तिचे पहिलेच बाळंतपण होते आणि लोहगाव विमानतळावरून त्याच रात्रीच्या थेट विमानाची तिकिटे होती. मुलीची तारीख मागेपुढे होण्याची शक्यता असल्यामुळे आम्ही ३० दिवसांऐवजी ६० दिवसांचा व्हिसा काढला होता. मुदत ओलांडली तर दररोज ५० दिरहॅम दंड लागतो, हे वाक्य काकांनी वहीत लाल शाईने लिहिले होते. त्यांचा स्वतःचा पासपोर्ट चार महिन्यांत संपणार होता आणि तेथे सहा महिन्यांची मुदत लागते, म्हणून सप्टेंबरमध्ये मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जाऊन त्याचे नूतनीकरण करून घेतले होते. काकूंच्या पासपोर्टवर नाव आणि आडनाव हे दोन्ही रकाने भरलेले आहेत, याची खात्री मी पहिल्याच भेटीत केली होती. पासपोर्टवर एकच नाव असलेल्या पर्यटकांना संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे दुबई ज्या देशात आहे तेथे, प्रवेश मिळणार नाही, असा नियम नोव्हेंबर २०२२ मध्ये लागू झाला तेव्हा माझ्या एका ग्राहकाची झालेली धावपळ मी विसरलेले नव्हते. थोडक्यात, माझ्या बाजूने फाईल चोख होती.

सगळे कागद पिशव्यांत गेल्यावर काकूंनी पर्समधून स्टीलचा एक छोटा डबा काढला. "अगं, लेकीसाठी डिंकाचे लाडू केलेत. त्यातले चार तुझ्यासाठी आणलेत. इतकी धावपळ केलीस आमच्यासाठी." मी एक लाडू उचलला आणि काका पावतीवर सही करीत असताना त्याचा घास घेतला. लाडू उत्तम झाला होता. तळलेला डिंक, खारकेची पूड, खरपूस भाजलेले सुके खोबरे, जायफळ, आणि मग दाताखाली बारीक बारीक काहीतरी कुरकुरले.

"काकू, यात खसखस आहे का?"

"म्हणजे काय! खसखस नसेल तर त्याला डिंकाचा लाडू म्हणायचं तरी कशाला?"

मी तो घास गिळला आणि उरलेला लाडू डब्यात परत ठेवला. संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेण्यास बंदी आहे. ही बंदी पाव किलोपुरती किंवा विक्रीच्या मालापुरती नाही. खसखस तेथे अमली पदार्थांच्या कायद्याखाली धरली जाते. मला हे ठाऊक नव्हते असे नाही. काही वर्षांपूर्वी मी ते वाचले होते आणि वाचून बाजूला ठेवले होते, कारण आमच्या अर्जात असा प्रश्न कोठेही नसतो आणि ग्राहकाच्या बॅगेत काय आहे हे विचारणे मला कधी माझे काम वाटले नव्हते.

काकांनी पेन खाली ठेवले. "मॅडम, मंडईत किलोने मिळणारी वस्तू अमली पदार्थ कशी होईल? आणि हे कुठे लिहिलं आहे, ते दाखवा." हा प्रश्न रास्त होता. मी संगणकावर दुबईच्या सीमाशुल्क विभागाची आणि प्रवाशांसाठीच्या सूचनांची पाने उघडून पडदा त्यांच्याकडे वळवला. ते वाचेपर्यंत मला जे ठाऊक होते ते सांगितले. खसखस म्हणजे अफूच्याच बोंडातील बी. बियांत स्वतः नशा नसते. पण बोंडाला चीर दिल्यावर जो चीक येतो त्याचा अंश बियांना लागलेला राहू शकतो आणि म्हणूनच खसखशीत मॉर्फिन व कोडीन यांचे सूक्ष्म प्रमाण सापडते. आपल्याकडे मध्य प्रदेशातील मंदसौर आणि नीमच भागांत सरकारी परवान्याने अफूची लागवड होते, आणि १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कापणीनंतरच्या अफूच्या झाडाच्या भागांची व्याख्या करतानाच त्यातून बी वगळलेले आहे. म्हणून आपल्या वाण्याकडे ती वेलदोड्याशेजारी उघडी ठेवलेली असते. हे वगळणे आपल्या कायद्याने केले आहे, त्यांच्या कायद्याने केलेले नाही. सिंगापूरलाही खसखस अशी सहज नेता येत नाही.

काका पडद्यावरचे शब्द दोनदा वाचून गप्प झाले. काकू मात्र अजिबात गप्प बसल्या नाहीत. त्यांच्या आजीपासून घरात प्रत्येक बाळंतिणीला हे लाडू मिळाले होते, बाळंतिणीला झोप लागावी म्हणूनच त्यात खसखस घालतात, आणि विमानतळावर लाडू फोडून बघायला बसलेला माणूस जगात असेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांच्या बोलण्यात तथ्य होते. तीन किलो लाडवांतील एखादा लाडू फोडला जाण्याची शक्यता खरोखरच थोडी असावी. परंतु आठवा महिना सरलेल्या मुलीचे आईवडील परक्या देशातील विमानतळावर चौकशीसाठी बसवले गेले तर काय, याचा हिशेब शक्यतेच्या भाषेत मांडता येत नाही. मी त्यांना एवढेच म्हटले, "काकू, लाडू घरी परत येतील. तुम्हाला परत यायला वेळ लागला तर मुलीकडे कोण बघेल?" हे वाक्य थोडे कठोर झाले, असे मला आजही वाटते.

मग काकूंनाच आठवू लागले. अनारसे? त्यांच्यावर तर खसखस लावलेलीच असते. करंज्यांच्या सारणात खसखस. गोडा मसाला घरचा, त्यातही मूठभर भाजून घातलेली. एक वेगळी पुडीसुद्धा होती, "तिकडे महाग असेल म्हणून". ही यादी ऐकताना माझ्या पोटात गोळा आला, कारण त्या पुडीबद्दल कोणतेही समर्थन चालले नसते.

दुपारी चार वाजता मी माझी दोन कामे पुढे ढकलून सहकारनगरला त्यांच्या घरी गेले. कामाचा भाग म्हणून मी कोणाच्या घरी जाऊन बॅगा उघडल्याची ही पहिलीच वेळ होती. दिवाणखान्यातील सतरंजीवर दोन मोठ्या बॅगा उलट्या केल्या. लाडवांचा डबा, अनारशांचा डबा, करंज्या आणि मसाला बाजूला काढला. खसखशीची पुडी बाहेर काढताना तिचा एक कोपरा फाटलेला निघाला आणि दुपट्यांच्या घड्यांत, कुंच्याच्या झालरीत, बॅगेच्या शिवणीत दाणे सांडलेले दिसले. त्यानंतरचा तास आम्ही तिघे दुपटी झटकण्यात आणि व्हॅक्यूम क्लीनरने बॅगेचे कोपरे साफ करण्यात होतो. खसखशीचा दाणा किती बारीक असतो हे मला त्या दिवशी कळले. सुक्या खोबऱ्याच्या सहा वाट्या निघाल्या, त्याही काढायला सांगितल्या. त्यांचा अमिरातीच्या कायद्याशी काही संबंध नाही, पण खोबऱ्यातील तेलामुळे त्या पेट घेतात म्हणून आपल्याकडे विमानाच्या सामानात चालत नाहीत. काकांची पानाची चंची निघाली. विड्याची पाने आणि पानाचे साहित्य दुबईच्या बंदीच्या यादीत आहे, हे मी सांगितले तेव्हा काका काही न बोलता उठले आणि अडकित्त्यासह ती चंची देवघराशेजारच्या फडताळात ठेवून आले.

खरी काळजी मात्र औषधांच्या पिशवीत होती. काकांच्या गुडघेदुखीच्या गोळ्यांची दोन पाकिटे मी सहज उलटून पाहिली तेव्हा घटकांत पॅरासिटामॉलबरोबर ट्रॅमाडॉल लिहिलेले दिसले. हे औषध २०१८ पासून आपल्याकडेही अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आहे. अमिरातीत अशी नियंत्रित औषधे न्यायची असतील तर तेथील सरकारी यंत्रणेकडे ऑनलाइन अर्ज करून, डॉक्टरांची चिठ्ठी जोडून, आधीच परवानगी घ्यावी लागते. विमान सुटायला सहा-सात तास उरले असताना तो मार्ग आमच्यासाठी बंद होता. काकांनी त्यांच्या डॉक्टरांना दूरध्वनी केला, परिस्थिती सांगितली, आणि डॉक्टरांनी त्या गोळ्या घरी ठेवून साध्या पॅरासिटामॉलवर भागवण्यास सांगितले. उरलेल्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या मूळ वेष्टनातच राहू द्या व चिठ्ठी हातातील पिशवीत ठेवा, हे मी सांगितले. काकूंनी त्या आदल्या दिवशीच पट्ट्या कापून, जागा वाचावी म्हणून, एका डबीत एकत्र भरल्या होत्या. त्या पुन्हा नव्याने आणाव्या लागल्या.

त्यामानाने दागिन्यांचा प्रश्न किरकोळ होता. बाळासाठी घेतलेले चांदीचे वाळे ३,००० दिरहॅमच्या भेटवस्तूंच्या मर्यादेत सहज बसत होते. काकूंच्या हातातील पाटल्या परत यायच्या होत्या, तेव्हा निघताना विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांना दाखवून निर्यात प्रमाणपत्र घेता येते, म्हणजे परतताना त्या नव्या आणल्या आहेत का असा प्रश्न उरत नाही, असे मी सांगितले. काकांनी ते लिहून घेतले. काकूंनी त्यापेक्षा पाटल्या उतरवून कपाटात ठेवल्या आणि काचेच्या बांगड्या भरल्या.

साडेसहाच्या सुमारास बॅगा पुन्हा बंद झाल्या. बऱ्याच हलक्या झाल्या होत्या. काकू त्या हलक्या बॅगांकडे पाहत स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या आणि मग आत जाऊन डिंकाची एक पिशवी घेऊन आल्या. "एवढा तरी नेऊ ना? की हाही झाडाचा चीकच आहे म्हणून धरतील?" डिंक नेण्यास हरकत नव्हती. खारीक मात्र नेऊ नका, खजुराच्या देशात निघाला आहात, असे मी म्हटले, तेव्हा त्या दुपारनंतर प्रथमच हसल्या.

लाडू माझ्याकडेच आले. "फेकायचे नाहीत हं," असे बजावून काकूंनी तीन किलोंचा डबा माझ्या हाती दिला आणि पुढचा आठवडाभर आमच्या कार्यालयात येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कॅनडाच्या फाईलसाठी आलेला असो की कुरिअरवाला, बाळंतिणीचा लाडू मिळाला.

दोन दिवसांनी काकूंचा फोन आला. प्रवास नीट झाला होता, पासपोर्टवर शिक्का बसला होता, आणि दोघेही ग्रीन चॅनेलमधून, म्हणजे सीमाशुल्काला दाखवण्याजोगे काही नसलेल्यांच्या वाटेने, कोणी न अडवता बाहेर पडले होते. "कुणी बॅगेला हातसुद्धा लावला नाही गं," त्या म्हणाल्या. माझ्याकडे यावर उत्तर नव्हते. मग त्यांनीच पुढे सांगितले की जावयाला ही हकिगत कळली तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. खसखशीशिवायचे लाडू त्यांनी तेथे पोचल्यावर केले होते आणि ते त्यांच्या मते बरे होते, म्हणजे चांगले नव्हते. "पण तू मला हे व्हिसाचा अर्ज भरतानाच सांगायला हवं होतंस. डिंक तळायच्या आधी. व्हिसाचं सगळं सांगितलंस, बॅगेचं काहीच नाही विचारलंस." मी म्हटले, "चुकलंच माझं, काकू."

तेव्हापासून आमच्या कार्यालयात आखाती देशांच्या आणि सिंगापूरच्या फाईलवर एक जादा कागद असतो. त्यावर औषधांचे घटक लिहायला दोन ओळी आहेत, पानसुपारीचा रकाना आहे आणि त्याखाली खसखशीचा. 'नाही' असे लिहून लोक कागद परत देतात. मग मी विचारते, "अनारसे नेताय का?"