अर्मेनिशचे बायसन: जरूर बघा, पण ‘सोपी चाल’ या शब्दांवर विश्वास ठेवू नका

‘चार तास, सोपी चाल, लहान मुलांनाही जमेल.’ रोमानियातल्या अर्मेनिश गावाजवळ बायसन, म्हणजे केसाळ रानबैल, बघायला नेणाऱ्या बुकिंगवाल्याच्या मेलमध्ये असं लिहिलं होतं. मी हे नडग्यांना आयोडीन लावता लावता लिहितोय. आम्हाला साडेनऊ तास लागले. तिघेही सह्याद्रीत वाढलेले, त्यातला एक नाशिकचा, हरिहर-अंजनेरी म्हणजे त्याला घरचं अंगण. तरी त्याने दुपारी दोन वाजता जमिनीवर बसून मला विचारलं, “बायसन बघायचे होते ना रे? मग आपण बोरीच्या कुंपणातून का चाललोय?”

राजगड-तोरणा एका दिवसात केला असेल तर दमाची चिंता नको. नसेल केला, तर आधी तो करा, मग इकडे या. बूट कसे घ्यावेत वगैरे मी सांगत बसणार नाही.

जागा कुठली ते आधी. रोमानियाच्या नैऋत्येला कारपेथियन पर्वतरांगेत त्सार्कू नावाचा डोंगर आहे, शिखर २१९० मीटर. त्याच्या पायथ्याशी अर्मेनिश हे गाव. इथे मे २०१४ मध्ये पहिले १७ युरोपीय बायसन आणून सोडले. त्याआधी या भागात दोनशेहून जास्त वर्षं हा प्राणी नव्हता. रोमानियनमध्ये त्याला झिंब्रू म्हणतात. १९२७ पर्यंत सगळ्या युरोपात एकही रानटी बायसन उरला नव्हता. उरले ते प्राणिसंग्रहालयांत आणि खासगी कुरणांत, पन्नास-साठ. आजचे सगळे बायसन त्यातल्या फक्त १२ जनावरांचे वंशज आहेत. रिवाइल्डिंग युरोप आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ रोमानिया या निसर्गसंस्थांनी इथे टप्प्याटप्प्याने कळप आणले. आधी कुंपणात ठेवायचे, मग मोकळे सोडायचे. आता डोंगरात दीडशेहून जास्त आहेत.

पोचायचं कसं? तिमिशोआरा शहरापर्यंत विमान, तिथून रेल्वेने कारान्सेबेश. तिमिशोआरा सुंदर आहे, त्याबद्दल कुठेही वाचायला मिळेल. जर्मनीतून येणाऱ्यांसाठी एक चांगली गोष्ट: १ जानेवारी २०२५ पासून रोमानिया शेंगेनमध्ये, म्हणजे आपापसांत सीमेवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, पूर्णपणे आला, त्यामुळे हंगेरीमार्गे गाडीने आलात तरी सीमेवर रांग नाही.

कारान्सेबेश स्टेशनबाहेर मात्र आम्ही फसलो. अर्मेनिश तिथून पंचवीसेक किलोमीटर. टॅक्सीवाल्याने २५० लेई (रोमानियाचं चलन) घेतले, मीटर बंद. रोमानियात टॅक्सीच्या दारावर किलोमीटरचा दर लिहिलेला असतो. तो वाचून पंचवीसने गुणायला मला दुसरीतलं गणित पुरलं असतं, पण ते मी उतरल्यावर केलं. आणि खरा संताप दुसऱ्या दिवशी आला. आमच्या खोलीच्या खिडकीतून रेल्वेचे रूळ दिसत होते. अर्मेनिशला पॅसेंजर थांबते! दिवसातून मोजक्याच आहेत, पण थांबतात. वेळापत्रक बघून या, टॅक्सीला हातही दाखवू नका.

आता ती वाट. बुकिंगवाल्याने फोनवर नकाशातली एक रेघ पाठवली आणि सांगितलं, वाटाड्या वर पठारावर भेटेल. पहिला तास बीच नावाच्या झाडांच्या जंगलातून, सावली, पानांचा गालिचा, मस्त. मग जंगल संपतं आणि जुनी कुरणं लागतात. नकाशात तिथे हिरवा मोकळा पट्टा दाखवलाय. प्रत्यक्षात छातीएवढं काटेरी रान. रानगुलाब, ब्लॅकबेरीच्या वेली, आणखी एक झुडूप ज्याचे काटे बोटाच्या पेरापेक्षा लांब. करवंदीच्या जाळीत घाणेरी घुसवली आणि वरून पाऊस पाडला तर काय होईल, ते. दीड किलोमीटरला आम्हाला तीन तास लागले. काठ्या मारत, पाठीवरच्या सॅकने ढकलत, मधे मधे रांगत. माझी पावसाळी पँट (नवी, महाग) गुडघ्यापासून खाली चिंध्या. उजव्या हाताला एक काटा गेला तो अजून आत आहे.

वर वाटाड्या दगडावर बसून सफरचंद खात होता. पन्नाशीचा, गावातलाच. आमची अवस्था बघून पोट धरून हसला. म्हणाला, “ती वाट वीस वर्षांपूर्वी होती. तेव्हा इथे मेंढ्या होत्या.” पुढे चालता चालता त्याने मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. तरुण मंडळी इटली, स्पेन, जर्मनीला कामाला गेली. म्हातारे थकले, मेंढ्या विकल्या. कुरण चरायला कोणी नाही म्हटल्यावर चार-पाच वर्षांत काटे आले. काट्यांखाली गवत मरतं, फुलं मरतात, फुलांवरची फुलपाखरं जातात. पुढे तिथे एकसारखं दाट रान होतं.

मग तो आम्हाला पठाराच्या दुसऱ्या अंगाला घेऊन गेला. तोच उतार, तीच माती, पण तिथे दोन-अडीच फूट रुंदीची वाट होती. माणसाने काढलेली नाही. झुडपं वाकवून तुडवलेली, हेझलच्या झुडपांची साल दातांनी सोललेली, आणि मधेच एक धुळीचा खड्डा, त्यात लोळल्याच्या खुणा आणि तपकिरी केसांचे पुंजके. नराचं वजन आठशे-नऊशे किलोपर्यंत जातं. असं धूड रोज चरतं, साल ओरबाडतं, अंग घासतं, लोळतं, तेव्हा रान आपोआप विरळ होतं. शेणातून आणि अंगावरच्या केसांतून बिया दूरवर जातात. हे मी आधी वाचलं होतं. पण तीन तास काट्यांत घालवून त्या वाटेवर पाय टाकला, तेव्हा मला वाटाड्यापेक्षा आधी माझ्या नडग्यांना कळलं. त्या वाटेने आम्ही चाळीस मिनिटांत एवढं अंतर काटलं की नाशिककर गाणं म्हणायला लागला. त्याला गप्प करावं लागलं, कारण समोरच्या उतारावर ते होते.

अकरा. एक मोठा नर, बाकी माद्या आणि तीन पिल्लं. दुर्बिणीतून खांद्याचा उंचवटा, दाढी, वाफ सोडणाऱ्या नाकपुड्या. पाऊण तास कोणी बोललं नाही. त्या पाऊण तासासाठी मी ते काटे पुन्हा खाईन, असं तेव्हा वाटलं. आज मात्र वाटत नाही.

आपण गव्यालाही ‘बायसन’ म्हणतो, ते चूक आहे, गवा निराळा. पण मला तिथे सारखा कोथरूडचा गवा आठवत होता. डिसेंबर २०२० मध्ये तो सोसायटीत शिरला, माणसं मागे धावली, फोन काढले, आणि संध्याकाळपर्यंत तो मेला. इथे तो वाटाड्या शिंकसुद्धा बाहीत दाबून देत होता.

सप्टेंबर हा बायसनच्या माजाचा काळ, म्हणून शंभर मीटरच्या आत जाऊच नका. शेपटी वर उचलली की निघायचं. पण खरं सांगू? या डोंगरात भीती बायसनची नाही आणि अस्वलाचीही फारशी नाही. भीती मेंढपाळांच्या कुत्र्यांची. उतरताना आम्हाला पाच कुत्र्यांनी घेरलं. कायद्याने त्यांच्या गळ्यात लोढणं असायला हवं, रानातल्या जनावरांमागे धावू नयेत म्हणून. आमच्यापैकी एकाच्याही गळ्यात नव्हतं, म्हणजे त्या पाचपैकी! धनगरवाड्यावरचा अनुभव इथे कामाला येतो. पळायचं नाही, डोळ्यांत बघायचं नाही, कळपाला लांबून वळसा घालायचा आणि मेंढपाळाला दुरूनच हाक मारायची. दगड उचलण्यासाठी वाकलं तरी पुष्कळदा मागे सरतात. आमचा मेंढपाळ दहा मिनिटांनी आला आणि आम्हालाच रागावला.

गोचीड फार आहेत. पँट मोज्यांत खोचा, रात्री काखा, मांड्या, गुडघ्यामागे बघा. गोचिडांमुळे होणारा लाइम रोग इथे आहे, हसण्यावारी नेऊ नका. अडचणीत ११२ हा आपत्कालीन नंबर लावा. फोनला खोऱ्यात रेंज नसते, पठारावर मिळते.

खाण्याचे हाल नाहीत. ममलिगा म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकडच, वर चीज. प्लमची दारू त्सुइका घरोघरी देतात, नाही म्हणता येत नाही, एकावर थांबा. तिसऱ्या दिवशी नदीकाठी फिरलो, चांगलं होतं.

आणि वाटाड्या गावातच भेटेल असं लिहून घ्या, वर भेटणारा नको. अर्मेनिशमध्ये विचारलंत की माणूस मिळतो, बुकिंगवाल्यापेक्षा स्वस्तात. तो भेटला की पहिल्यांदा एवढंच म्हणा: मेंढ्यांच्या वाटेने नको, झिंब्रूच्या वाटेने ने.