ओल पेजेटा: नाजिन आणि फातूला भेटायला जाणाऱ्यांसाठी

केनिया म्हटलं की आपल्याकडचे बहुतेक गट थेट मसाई मारा गाठतात. जरूर जा. पण नैरोबीहून उत्तरेला चारेक तासांवर नान्युकी आहे आणि त्याच्या शेजारी ओल पेजेटाचं राखीव माळरान. तिथे एक मुक्काम करा, असं मी आता भेटेल त्याला सांगते.

उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्यांच्या जगात उरलेल्या दोनच माद्या इथे राहतात: नाजिन आणि तिची लेक फातू. १९६० साली हे गेंडे सुमारे २,००० होते. युद्धं आणि शिंगांसाठीची शिकार यांनी त्यांचा फडशा पाडला. २००९ साली चेक प्रजासत्ताकातल्या प्राणिसंग्रहालयातून चार गेंडे इथे आणले. त्यातला सुदान, म्हणजे नाजिनचा बाप आणि या उपजातीचा शेवटचा नर, १९ मार्च २०१८ रोजी गेला.

फातू चरत होती. रुंद, चौकोनी ओठ जमिनीला लावून ती गवत कापत पुढे सरकते. कापल्याचा खरखर आवाज गाडीत स्पष्ट ऐकू येतो. कातडीच्या घड्यांत चिखल वाळून भेगाळलेला. रखवालदाराने बरगडीवर थोपटलं तर तिने फक्त एक कान वळवला. नाजिनचे मागचे पाय अधू आहेत. दोघींपैकी कुणालाच गर्भ पेलवणार नाही, म्हणून २०१९पासून फातूची बीजांडं काढून इटलीतल्या प्रयोगशाळेत नेतात, मेलेल्या नरांच्या गोठवलेल्या वीर्याने फलित करतात. ते भ्रूण वाढवायचे दक्षिणेकडच्या पांढऱ्या गेंड्याच्या मादीच्या पोटात. फातूकडे बघताना हे सगळं आठवलं आणि मला बोलवेना.

तरीही, फक्त ‘शेवटच्या दोघीं’ची गोष्ट ऐकून परतू नका. ती ऐकून माणूस हळहळतो आणि विसरतो. याच कुंपणात दीडशेहून जास्त काळे गेंडे आहेत. पूर्व आफ्रिकेतलं त्यांचं हे सर्वांत मोठं आश्रयस्थान. ते टिकले रात्रंदिवस गस्त घालणाऱ्या माणसांमुळे. शिवाय इथे बोरान जातीच्या गुरांचे कळप जंगली प्राण्यांसोबतच चरतात. गुरांचं उत्पन्न आणि पर्यटकांचं तिकीट यांचाही खर्चाला हातभार लागतो. रखवालदारांना हे विचारा, ते मनापासून सांगतात. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला, तेव्हा गवत, मेंढपाळ आणि पक्षी यांची अशी एकत्र गोष्ट किती जणांनी सांगितली? मला ते फार लागलं.

आता तयारीचं. ईटीए, म्हणजे केनियाची प्रवास-परवानगी, ऑनलाइन आधीच काढा. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवा. ते नसेल तर भारतात परतल्यावर विलगीकरणात ठेवू शकतात. प्लास्टिकच्या पिशव्यांवर केनियात २०१७पासून बंदी आहे, म्हणून चिवडा-चकल्या स्टीलच्या डब्यांत भरा. विषुववृत्तावर असूनही उंचीमुळे पहाटे चांगलीच थंडी असते. स्वेटर आणि कानटोपी हवीच. प्लग ब्रिटिश पद्धतीचा, चौकोनी तीन पिनांचा. जून ते सप्टेंबर आणि जानेवारी-फेब्रुवारी हे कोरडे महिने. मार्च ते मे पावसात रस्ते चिखलाचे होतात.

नाजिन-फातूची भेट प्रवेश तिकिटात धरलेली नसते. तिचं वेगळं बुकिंग लागतं आणि जागा मोजक्या, त्यामुळे आधी ती तारीख पक्की करा, मग हॉटेल. सुदानसह तिथे मेलेल्या गेंड्यांच्या स्मृतिशिळा आहेत, त्यासाठी अर्धा तास राखून ठेवा.

आणि इथल्या कुठल्याही गेंड्याचा फोटो टाकताना मोबाइलमधलं लोकेशन बंद करा. शिकारीही फोटो बघतात.