गाढववाल्याची सावली

माझ्या टेबलासमोर कैरोची एक गल्ली टांगलेली आहे. वहीच्या पानाएवढी. 'ल तूर द्यु मोंद' या फ्रेंच प्रवासवर्णनांच्या साप्ताहिकातून कुणीतरी कधीतरी कापून काढलेलं पान. पाठीमागे फ्रेंच मजकूर आहे, तोही अर्ध्या वाक्यात तुटलेला.

चित्राखाली बारीक अक्षरात लिहिलंय, 'फोटोवरून'. मग फोटोच का नाही छापला? एदुआर शार्तों यांनी पॅरिसमध्ये १८६० साली हे नियतकालिक काढलं तेव्हा फोटो होते, पण खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या धातूच्या सुट्या अक्षरांच्या, मजकुराशेजारी ते छापायची सोय नव्हती. लाकडी ठसा मात्र खिळ्यांच्या उंचीचा करून त्यांच्याच बरोबर यंत्रात बसवता यायचा. म्हणून चित्रकार फोटो बघून ठोकळ्यावर चित्र काढी आणि कोरणारा पांढरं राहायचं तेवढं खोदून टाकी.

लाकूड बॉक्सवूडचं, तेही खोडाच्या आडव्या कापाचं. ब्युइक नावाच्या इंग्रज कारागिराने अठराव्या शतकाच्या अखेरीस या तऱ्हेला मान मिळवून दिला. लाकूड इतकं घट्ट की केसासारखी रेघ टिकते. पण झाड बारीक, त्यामुळे मोठ्या चित्राला तुकडे जोडावे लागत. घाई असली की 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'सारख्या साप्ताहिकांत तुकडे सुटे करून वेगवेगळ्या कोरणाऱ्यांना वाटून देत. माझ्या गल्लीवरच्या आकाशातही एक उभी पांढरी रेघ आहे. आधी मला वाटलं, कागदाला घडी पडलीय. ती लाकडाची सांध निघाली. तेव्हापासून तिथे ढग नसले तरी चालतं मला.

मला खरं वेड लागलंय ते गल्लीतल्या माणसांचं. त्या काळच्या कॅमेऱ्याला वेळ लागायचा. चालत गेलेला माणूस काचेवर धूर होऊन उरायचा, नाहीतर उरायचाच नाही. फोटोतले रस्ते त्यामुळे ओसाड दिसत. वाचकाला ओसाड कैरो कशाला हवं? चित्रकार मग पदरची माणसं घाली. लाकडी जाळीचे सज्जे, मिनार, उखडलेला गिलावा, हे बहुधा फोटोतलं. खाली पाण्याची पखाल घेतलेला भिश्ती आणि गाढववाला यांचा जन्म मात्र पॅरिसमधल्या एखाद्या टेबलावर झाला असावा, असा माझा पक्का संशय. ही फसवणूक मानायला मी तयार नाही. रिकाम्या गल्लीपेक्षा ही गल्ली कैरोच्या जास्त जवळ असेल.

पुढे फोटो बारीक ठिपक्यांत मोडणारा हाफटोन आला, फोटो थेट छापता येऊ लागले आणि कोरणाऱ्यांची कामं गेली.

परवा चष्मा पुसून पुन्हा बघितलं. सज्ज्यांच्या सावल्या सगळ्या उजवीकडे पडल्यात. गाढवाची डावीकडे. आणि गाढववाला निवांत चाललाय.